शाळेमागच्या खाजनातले मामा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत गुरुजनांवर आणि देणगीदारांवर बाकीचे माजी विद्यार्थी लिहितीलच. मी लिहितो ते शाळेमागच्या खाजनात मानस सांभाळणाऱ्या मामांवर. खाजन म्हणजे आपल्या गोव्यातली, बांध घालून नदीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतजमीन.

मानस म्हणजे नदीकाठच्या बांधातले लाकडी दार. चिऱ्यांच्या भिंतीत चौकट आणि तिच्यात झुलत्या फळ्या. भरतीचे पाणी बाहेरून रेटते तेव्हा दार आपसूक मिटते, सुकतीला (ओहोटीला) आतले पाणी ढकलते तेव्हा उघडते. दिसायला सोपे, पण फटीत एखादी काटकी अडकली तरी खारे पाणी रात्रभर आत येत राहते. भरती रोज सुमारे 50 मिनिटे पुढे सरकते, तशी मामांची झोपही सरकायची. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला बांधावर फेरी, अष्टमीच्या भांगाला (लहान भरतीला) डागडुजी.

बांधाचा खरा वैरी कुर्ली, म्हणजे खेकडी. तिचे बीळ दिसते बोटाएवढे, पण पाणी त्यातून माती ओढून नेते आणि एखाद्या उधाणाला तिथेच खांड (भगदाड) पडते. बीळ वरून लिंपून भागत नाही. ते मुळापर्यंत खणायचे, मग चिकट चिखल आणि पेंढा थराथराने चोपत वर यायचे. इथे घाई केली की पुढच्या उधाणाला पुन्हा तेच काम. खारे शिरलेल्या शेतात पावसाने धुऊन निघेपर्यंत कोरगुटासारखे खारे सोसणारे भातही धड रुजत नाही.

मानशीच्या मासळीची पावणी (लिलाव) गावकारी, म्हणजे गावच्या जमिनी सांभाळणारी सामाईक संस्था, करायची. पैसे आधी पोर्तुगीज रुपयांत, 1959 पासून एस्कुदात (एका रुपयाचे सहा) आणि 1961 च्या मुक्तीनंतर भारतीय रुपयांत. मधल्या काळात भारताने केलेल्या नाकेबंदीत घाटावरचा माल बंद झाला, तेव्हा खाजनातल्या भाताकडे सगळ्यांचे लक्ष गेले. पण नाणे बदलले, झेंडा बदलला, म्हणून दाराच्या कामात काडीचा फरक पडला नाही.

फरक पडला तो 1964 च्या कूळ कायद्याने. पुस्तकांत 1961 ठळक असते, बांधाच्या दृष्टीने मात्र मोठे साल हेच, असे माझे मत. कुळाने मालकाला द्यायचा खंड पिकाच्या सहाव्या हिश्श्यावर आला. पुढे 1976 च्या दुरुस्तीने कुळे मालक झाली. ते न्यायाचेच झाले. पण उत्पन्न आटल्यावर गावकारीचा बांधातला जीव गेला आणि राखण कुळांच्या संघांवर आली. त्यात सुंगटांचा (कोळंबीचा) भाव भातापेक्षा चढला. पावणी घेणाऱ्याला खारे पाणी आत हवे, शेतकऱ्याला नको. आणि दार तर एकच.

मामांचा नेम ठरलेला होता. भात उभे असेपर्यंत भरतीला दार मिटलेलेच हवे, जाळे लावायचे ते फक्त सुकतीला. खारे आत घ्यायचे ते कापणी होऊन शेत मोकळे झाल्यावर. ही अट पावणीच्या कागदावर लिहून घ्या, म्हणून ते संघाच्या दर सभेत भांडायचे. काही वर्षी ती लिहिली गेली, काही वर्षी नाही. नाही लिहिली त्या वर्षी नदीकडच्या कोपऱ्यांत भात पिवळे पडलेले शाळेच्या खिडकीतूनही दिसायचे.