आधी गलका, मग गाणं

मामाकडे दादरला एक कॅसेट होती. कुणाच्या तरी घरच्या बैठकीतला मारवा, आधी स्पूलवर घेतलेला आणि नंतर कॅसेटवर उतरवलेला. आवाज इतका वाईट की तंबोऱ्याहून छताचा पंखाच जास्त सुरात वाटे. विलंबित रंगात आलं की मामा बोट वर करून सगळ्यांना गप्प करायचा. "आता ऐका." कॅसेटमध्ये कुणीतरी दोनदा खोकायचं. "तो मी." आम्ही हसायचो. मामी तर म्हणायची, गवयाचं नशीब की त्याला तुमची साथ मिळाली.

त्या खोकल्याची मला पुढे एकदम आठवण झाली ती २००९ च्या मार्चमध्ये, अमेरिकेत. मी तेव्हा व्हर्जिनियातल्या रिचमंडला नोकरीला होते. मंदीचे दिवस. सोमवारी ऑफिसात शिरलं की आधी कुणाचं टेबल रिकामं झालंय ते बघायचं, मग कॉफी. अशा दिवसांत आमच्या टीममधल्या चाळिशीच्या एका शहाण्यासुरत्या माणसाने शुक्रवार, ६ मार्चची रजा तब्बल पाच महिने आधी मागून ठेवली होती. ज्या शुक्रवारी अमेरिकी शेअर बाजाराचा एस अँड पी निर्देशांक ६६६ पर्यंत घसरला, तोच हा शुक्रवार. बाजार तळाला जात होता आणि आमचा माणूस गाडीत झोपायची पिशवी टाकून व्हर्जिनियातल्याच हॅम्प्टनला निघाला होता, फिश नावाच्या बँडला ऐकायला.

फिश हा जॅम बँड. म्हणजे गाणं ठरलेलं असतं, पण ते कुठे जाईल आणि किती वेळात परत येईल ते ठरलेलं नसतं. बंदिश आणि विस्तार म्हटलं की आपल्याला कळतं. फक्त इथे विस्तार चौघांनी एकदम करायचा आणि एकमेकांच्या पायात पाय घालायचे नाहीत. १९८३ साली व्हर्मॉंटच्या विद्यापीठात हा बँड जमला. आता गिटारवर ट्रे अनास्तासिओ, बासवर माइक गॉर्डन, कीबोर्डवर पेज मॅकॉनेल आणि ड्रमवर जॉन फिशमन. हा शेवटचा गृहस्थ गोल गोल ठिपक्यांचा झगा घालून बसतो आणि लहर आली तर व्हॅक्यूम क्लीनर तोंडाला लावून वाजवतो. (हे मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा थट्टा वाटली होती.) दोन रात्री सारख्या होत नाहीत, म्हणून लोक गावोगाव त्यांच्या मागे जातात. कुठलं गाणं किती कार्यक्रमांनंतर वाजलं याचे हिशेब ठेवतात. आमच्या माणसाला बायकोच्या वाढदिवसाची आठवण करून द्यावी लागायची, पण हे आकडे तोंडपाठ.

ऑगस्ट २००४ मध्ये हा बँड संपला होता, आणि फार वाईट तऱ्हेने संपला होता. व्हर्मॉंटमधल्या कॉव्हेंट्री गावी दोन दिवसांचा निरोपाचा कार्यक्रम होता. पावसाने शेतांचा नुसता रेंदा झाला, गाड्या लावायला जागा उरेना, आणि रस्त्यात अडकलेल्यांना परत जा म्हणून सांगण्यात आलं. लोक परत गेले नाहीत. महामार्गाच्या कडेला गाड्या सोडून, पाठीवर तंबू घेऊन ते मैलोनमैल चालत गेले. आमचा माणूसही त्यातलाच. आणि एवढं चालून पोचल्यावर ऐकलं काय, तर अडखळणारी गिटार, विसरलेल्या जागा, आणि गाता गाता रडू फुटलेला पेज. पुढे २००६ मध्ये ट्रेला अमली पदार्थांच्या प्रकरणात अटक झाली, न्यायालयाच्या देखरेखीखाली उपचार झाले, तो सावरला. ऑक्टोबर २००८ मध्ये जाहीर झालं की बँड परत येतोय, मार्चमध्ये, हॅम्प्टनला सलग तीन रात्री. तिकिटं बघता बघता संपली.

हॅम्प्टन कोलिझियम मी नंतर एकदा बाहेरून बघितलं. काँक्रीटच्या घड्या घातलेली गोल इमारत, रात्री खालून रंगीत दिवे सोडलेले. चाहते तिला मदरशिप म्हणतात. तळ्याकाठी यान उतरल्यासारखी दिसते खरी.

सोमवारी, ९ तारखेला, हा माणूस ऑफिसात आला तो आवाज बसवून. कसं झालं म्हणून विचारलं तर उत्तरच देईना. खिशातून यंत्र काढलं, इयरफोन माझ्यापुढे धरले. बँडने स्वतः या तिन्ही रात्रींची रेकॉर्डिंगं लोकांना फुकट दिली होती, पण याच्याकडे होतं ते प्रेक्षकांत माइक उभारून कुणीतरी घेतलेलं. या मंडळींत ते उघडपणे चालतं. ग्रेटफुल डेड या आद्य जॅम बँडने तर १९८४ पासून रेकॉर्डिंगवाल्यांसाठी प्रेक्षागृहात वेगळी जागाच राखली होती. आमच्या मामाच्या पिढीला यजमानाची मनधरणी करावी लागे.

इयरफोनमध्ये आधी नुसती गजबज. मग गिटारचे दोनचार सूर, आणि लगेच असा गलका उठला की गिटार त्यात बुडून गेली. मी म्हटलं, "अरे, गाणं ऐकूच येत नाहीये." तो म्हणाला, "गाणं मला पाठ आहे."

ते गाणं होतं फ्लफहेड. पाव तासाच्या आसपास चालणारं, पाच-सहा तुकडे जोडून रचलेलं, बोटांची परीक्षा बघणारं. सराव नसेल तर लपवता येत नाही. बँड मोडण्याआधीच्या दोन वर्षांत, लोक आशेने वाट बघत असूनही त्यांनी ते वाजवलंच नव्हतं. २००० सालानंतर थेट आता. दुसरं काही सोपं, टाळ्यांचं गाणं घेऊन सुरुवात करता आली असती. पण चार वर्षं आणि सात महिन्यांनी पडदा उघडल्यावर त्यांनी नेमकं हेच घेतलं. माझं मत विचाराल तर ती माफी होती. कॉव्हेंट्रीबद्दलची. भाषण न करता, घरचा अभ्यास करून आणून दाखवलेली. आणि तो गलका म्हणजे ती पोचल्याची पावती. त्या हजारो लोकांना दुसऱ्या-तिसऱ्या सुरालाच कळलं होतं की आपल्यासाठी काय मांडून ठेवलंय.

त्याच्या पुढचं गाणं द डिव्हायडेड स्काय. त्यात मध्येच एक जागा अशी आहे की सगळे वादक थांबतात. रचनेतलीच शांतता, पण ती शांत कधीच राहत नाही. ट्रे हात उचलत नाही आणि लोक ओरडत राहतात, आवाज वर वर चढत जातो, आणि मग कधीतरी तो पुढचा सूर लावतो. म्हणजे सम कधी द्यायची ते गवयाने श्रोत्यांकडे बघून ठरवावं, तसं. त्या दिवशी मी डेस्कवर बसून ती जागा दोनदा ऐकली. वर्गणी काढून चार लोकांचं घर चालवावं अशी मंदी बाहेर चालू होती, आणि इथे काही न वाजवणाऱ्या माणसाला लोक डोक्यावर घेत होते.

दुपारी जेवायला बसलो तेव्हा त्याचा घसा जरा मोकळा झाला आणि तक्रारी सुरू झाल्या. सगळं फार नेटकं होतं म्हणे. पहिल्या रात्री गाण्यांमागून गाणी, एकही धड उघडलं नाही. ज्यासाठी हा बँड, ते भटकणं कुठाय? प्रत्येक गाणं वेळेत घरी परत. तिन्ही रात्रींत एक गाणं पुन्हा वाजवलं नाही हे खरं, पण त्याला काय चाटायचंय?

मला हसू आलं. सकाळी ज्याच्या डोळ्यात पाणी होतं तोच हा. पण मग आजीचं आजारपण आठवलं. महिनाभर ती मुकाट्याने मऊ भात गिळत होती आणि आम्ही सगळे घाबरलेलो. एक दिवस ताट सरकवून म्हणाली, "वरणात मीठ कोण घालणार?" आई स्वयंपाकघरात जाऊन रडली. तिला समजलं होतं की सासूबाई उठल्या.

आपल्याकडेही हे होऊन गेलंय. कुमार गंधर्व क्षयाने पाच-सहा वर्षं गाण्याबाहेर राहिले, एका फुफ्फुसाच्या भरवशावर परतले आणि वेगळंच गायला लागले. तेव्हा कित्येकांनी त्यांना डोक्यावर घेतलं आणि कित्येकांनी नाकं मुरडली. मामा दोन्ही करायचा, एकाच संध्याकाळी. पहिल्या चहाला "काय गातो!" आणि दुसऱ्या चहाला "पण ख्याल असा तोडतात का?" पुढची मैफल मात्र चुकवायचा नाही.

आमच्या माणसाचा डबा संपेपर्यंत तिन्ही रात्रींची चिरफाड झाली होती. कुठे गिटार अर्ध्या मात्रेने घसरली, कुठल्या गाण्याला फार घाई केली, नव्या गाण्यात दम आहे की नाही. शेवटी त्याने यंत्र पुन्हा काढलं, गलक्याच्या थोडं अलीकडे नेलं आणि कान लावून कसलासा शोध घेऊ लागला. मग इयरफोनचं एक टोक मला दिलं.

"इथे बघ. माइकच्या जवळ एकजण किंचाळतोय."

"तू?"

"नाही. पण मी त्याच्या मागेच होतो."

काही आठवड्यांनी बॉसच्या टेबलावर त्याचा नवा अर्ज दिसला. रविवारी, ३१ मेला, फिश बॉस्टनच्या फेनवे पार्कात वाजवणार होते. सोमवारची रजा हवी होती. कारणाच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं, घसा.