तीन शब्दांत सांगा

डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरांत मी गेली अकरा वर्षं सीनिअर पोर्ट्रेट काढते. म्हणजे ज्येष्ठ नागरिकांचे फोटो नव्हेत. मिरजेच्या आत्याला हे अजून पटलेलं नाही, ती फोनवर विचारते, "म्हातारे हसतात का गं नीट?" इथे शाळेच्या शेवटच्या वर्षाला, म्हणजे आपल्या बारावीला, सीनिअर म्हणतात आणि त्या वर्षाआधीच्या उन्हाळ्यात पोरांचे फोटो काढायचा रिवाज आहे.

शाळेचा अधिकृत फोटो वेगळा. तो शाळेने ठरवलेला स्टुडिओ काढतो. मुलींच्या खांद्यांवर काळं मखमली कापड, मुलांना पुढून टक्सिडो आणि मागून चिमटे. पडदा सगळ्यांना एकच. इयरबुकात, म्हणजे शाळेच्या वार्षिकांकात, छापतात तो हाच. चाल तशी जुनीच. १८६०च्या आसपास बोस्टनजवळचा जॉर्ज वॉरन हा छायाचित्रकार हार्वर्ड, येलच्या मुलांचे फोटो काढायचा. मुलं प्रती विकत घेऊन आपसांत वाटायची आणि अल्बम बांधून घ्यायची. माझं पोट भरतं ते मखमलीच्या बाहेरच्या मागणीवर: "आमच्या मुलीची पर्सनॅलिटी दिसली पाहिजे."

बाबांच्या मिरजेच्या स्टुडिओत दोनच स्टाइली होत्या, उभा आणि बसलेला. माझ्या वेबसाइटवर पाच आहेत: क्लासिक, अर्बन, नेचर, ड्रामॅटिक, स्पोर्ट्स. अर्बन म्हणजे डॅलसच्या डीप एलम वस्तीतल्या रंगवलेल्या भिंती. स्पोर्ट्स म्हणजे लेटर जॅकेट (शाळेचं अक्षर शिवलेलं खेळाडूंचं जॅकेट), चेंडू आणि फ्लॅशसमोर सोडलेला धूर. रेल्वेचे रूळ मी करत नाही. ती खाजगी मालमत्ता असते, तिथे पाय ठेवणं गुन्हा आहे, आणि फोटोच्या नादात टेक्सासमध्येच पोरगी गाडीखाली गेलेली आहे. तरी दर वर्षी कुणीतरी आई 'ती अमकीची मुलगी रुळांवर बसलीय तसा' म्हणून स्क्रीनशॉट पाठवते, आणि तो फोटो काढणारा माणूस माझ्याच धंद्यातला असतो. त्याला काय म्हणावं ते इथे लिहिता येत नाही.

स्टाइल ठरवण्यासाठी मी एक फॉर्म पाठवते. पहिला प्रश्न: 'स्वतःला तीन शब्दांत सांगा.' मुलांसाठी आहे तो. गेल्या जुलैत एका मराठी घरातून उत्तर आलं: हसरी, साधी, निसर्गप्रेमी. स्टाइल, नेचर. फॉर्म पहाटे सव्वापाचला भरलेला होता. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आम्ही गवताच्या माळावर गेलो. फोटोत हे माळ स्वर्गासारखे दिसतात. बाहेरच्यांना माहीत नसतं ते असं की त्या गवतात चिगर नावाचे डोळ्यांना न दिसणारे किडे असतात आणि ते मोज्याच्या इलॅस्टिकपाशी चावतात. खाज आठवडाभर जात नाही. म्हणून मी आधी सगळ्यांच्या घोट्यांवर फवारा मारते. संध्याकाळचे साडेसात, हवा अजून ३८ अंश. पांढरा फ्रॉक घातलेली मुलगी, मागून सूर्य, १३५ची लेन्स, केसांना सोनेरी कड. तिच्या आईच्या हातात मी उजेड चेहऱ्यावर परतवणारा रिफ्लेक्टर दिला होता. तो त्या माउलीने इतक्या निष्ठेने धरला की मुलीचे डोळे पाणावले.

ती हसली. मी सांगेन तेव्हा, सांगेन तितकं. मान डावीकडे म्हटलं की मान डावीकडे. तीस फ्रेमनंतर माझ्या लक्षात आलं, सगळ्या फ्रेम सारख्या आहेत. चूक एकातही नव्हती आणि थांबावं असं एकातही काही नव्हतं.

मग ती एकदम म्हणाली, "मावशी, तुझा की लाइट चार मिनिटांत त्या पेकानच्या झाडामागे जाईल. बॅकअप आहे?"

की लाइट म्हणजे मुख्य उजेड, इथे सूर्यच. माझ्या असिस्टंटनेही मला असं कधी सांगितलेलं नाही. (तो येतो ते पैशांसाठी आणि फोनवर असतो.) मी घड्याळ बघितलं. चार नाही, पाच मिनिटं लागली.

विचारल्यावर कळलं, ती शाळेच्या थिएटरमध्ये लाइट करते. दिवे टांगायच्या रिगवर चढते, दिव्यांचा बोर्ड चालवते, हेडसेटवर क्यू घेते, म्हणजे कोणता दिवा नेमका कधी बदलायचा त्याची सूचना. टेक्सासच्या शाळांत यूआयएल या संस्थेची एकांकिका स्पर्धा असते: प्रयोग ४० मिनिटांच्या आत, सेट लावायला ७ मिनिटं, उचलायला ७. पुरुषोत्तम करंडकाच्या विंगेत घाम गाळलेल्यांना हे घरचंच वाटेल. त्या सात मिनिटांबद्दल ती इतकं भरभर बोलायला लागली की मी कॅमेरा खाली ठेवला, हा माझा गाढवपणा.

"ते बॅकस्टेज हो," तिची आई म्हणाली. "मी म्हणते स्टेजवर ये, तर येत नाही." आई स्वतः मंडळाच्या गणेशोत्सवात दर वर्षी एकांकिकेत उभी राहते. चांगलं काम करते, मी पाहिलंय.

मी पैसे न घेता दुसरं सेशन देऊ केलं. माझ्या नवऱ्याच्या मते हा माझ्या धंद्यातला कायमचा रोग आहे. शाळेच्या ऑफिसने विम्याचा कागद मागितला, मिळाल्यावर पुन्हा तोच मागितला, आणि शेवटी सप्टेंबरात नाटकाच्या सरांनी सेटबांधणीच्या शनिवारी, जेवणाच्या सुट्टीत, ४० मिनिटं दिली. तीही ४०च.

ती काळ्या कपड्यांत आली. क्रूचा गणवेशच तो, अंधारात दिसू नये म्हणून. मी विचारलं, कुठे उभी राहशील? तिने सगळे दिवे बंद केले आणि घोस्ट लाइट ओढत मध्ये आणला. हा एक उभा दांडा, वर जाळीत एक उघडा बल्ब. थिएटर रिकामं असताना रात्रभर जळत ठेवतात, अंधारात कुणी स्टेजवरून खड्ड्यात पडू नये म्हणून. भुतांसाठी ठेवतात असंही म्हणतात. पोरांना दुसरं कारण जास्त आवडतं.

उघडा बल्ब म्हणजे फोटोग्राफरचा वैरी. नाकाची सावली गालावर चाकूसारखी पडते. शिवाय अंतराचा हिशेब: बल्बपासून दुप्पट लांब गेलात की उजेड चौथाई. चेहरा अर्धा पाऊल हलला तरी सगळं बिघडतं. वर तो बल्ब एलईडी, आणि इथली वीज ६० हर्ट्झची, म्हणजे शटर वेगाचं ठेवलं की फोटोत काळे पट्टे. (मी शिकले ५० हर्ट्झवर; पहिल्या वर्षी एका लग्नाचं अख्खं रिसेप्शन पट्टेरी काढलं होतं.) शटर १/६० केलं, आयएसओ ३२००. मी पुटपुटत होते तेवढ्यात तिने सेटचा एक पांढरा रंगवलेला फ्लॅट, म्हणजे भिंतीसारखी चौकट, ढकलत आणला आणि स्वतःच्या अंधाऱ्या बाजूला उभा केला. "फिल. जास्त झाला तर सांग, तिरका करते." फिल म्हणजे सावली उजळायचा उजेड. जास्त झाला होता. तिने मी सांगायच्या आधीच तिरका केला.

तरीही ती कॅमेऱ्याकडे बघितलं की माळावरचंच हसू हसायची. मग मी म्हटलं, गेल्या वर्षीच्या एकांकिकेचे क्यू म्हणून दाखव. तिने हेडसेट चढवला, तो कशालाही जोडलेला नव्हता, आणि रिकाम्या प्रेक्षागृहाकडे बघत म्हणायला लागली. स्टँडबाय लाइट्स एकवीस. लाइट्स एकवीस, गो. 'गो' म्हणताना उजव्या हाताचं बोट खाली यायचं. बाविसाव्या क्यूला मी दाबलं. १/६०ला बोट पुसट झालं, डोळा लख्ख आला, अर्धा चेहरा काळोखात गेला. अकरा वर्षांत मी काढलेल्या पहिल्या पाचांत तो फोटो बसतो. बाकीचे चार सांगणार नाही.

निवडीला मी लोकांना घरी बोलावते आणि मोठ्या पडद्यावर दाखवते, कारण फोनवर बघून लोक मोठा प्रिंट घेत नाहीत. आधी माळ, मग थिएटर. तो फोटो आला तेव्हा तिची आई बराच वेळ काही बोलली नाही.

"ही तिथे अशी असते?"

मी हो म्हटलं.

"मी सगळे प्रयोग बघितलेत हिचे," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "म्हणजे, नाटकं बघितलीत."

आणि तिने माळावरचा घेतला. १६ बाय २० भिंतीला, दोन छोटे भारतात, इयरबुकातल्या शुभेच्छांच्या पानालाही तोच. थिएटरचा फोटो आजीला पाठवला तर 'पोरीला अंधारात का उभं केलंय' असा फोन येईल, म्हणाली. मुलीने थिएटरचा एक घेतला, ५ बाय ७. तो लाइटच्या बूथमध्ये भिंतीवर लागलाय म्हणे, स्टेजवर जागांच्या खुणा करतात त्या स्पाइक टेपने.

माझा चेहरा पडलेला तिला दिसला असावा. फ्रेमचे नमुने आवरायला मदत करताना मुलगी म्हणाली, "मावशी, गवताचा फोटो वाईट नाहीये. तो आईचा क्यू होता. मी वेळेवर दिला."

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही. मला वाटत होतं, पहिलं सेशन खोटं आणि दुसरं खरं. पण आईला हवं ते हसू ३८ अंशांत तीस फ्रेम न ढळता देणारी पोरगी, आणि दुसऱ्या कुणाचा तरी प्रयोग नीट पार पडावा म्हणून अंधारात बसणारी पोरगी, या दोन वेगळ्या कशा? मग घोस्ट लाइटचा तो फोटो तरी कोणाचा क्यू होता? काळे कपडे, अर्धा चेहरा, पुसट बोट. माझ्या वेबसाइटवर तो आता 'ड्रामॅटिक'खाली पहिला आहे. तिला विचारून लावलाय, ती लगेच हो म्हणाली. ती सगळ्यांना लगेच हो म्हणते.

या उन्हाळ्याआधी मी फॉर्म बदलला. वर ठळक अक्षरांत लिहिलं: हा विद्यार्थ्यानेच भरायचा आहे. परवा पहिला आला, मुलाचा. मेहनती, नम्र, कुटुंबवत्सल. वेळ बघितली. पहाटेचे पाच वाजून चाळीस मिनिटं.