आधी खोली सांगा

"ऐंशी हजारांपर्यंत जाता येईल. कुठला प्रोजेक्टर घेऊ?"

हा प्रश्न मला सोसायटीच्या लिफ्टमध्ये आला आहे, ऑफिसात डबा खाताना आला आहे, आणि एका लग्नात शेजारी बसलेल्या लांबच्या मावसभावाकडूनही. आमच्या हॉलमध्ये शंभर इंची पडदा आहे हे कळलं की लोक विचारतातच. मी दर वेळी उलट विचारते, "हॉलला खिडक्या किती? भिंतींना रंग कुठला?" समोरच्याला वाटतं, मी उत्तर टाळतेय. पण माझं उत्तर तिथूनच सुरू होतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज सगळं सविस्तर सांगते.

प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. टीव्हीचा पडदा बंद असताना काळा असतो आणि चित्र त्यावर उजळतं. प्रोजेक्टरचा पडदा पांढरा असतो. प्रोजेक्टर त्यावर उजेड घालू शकतो, तिथे आधीपासून असलेला उजेड काढून घेऊ शकत नाही. म्हणजे सिनेमातली रात्र, मोकळे केस, विहिरीतला अंधार हे सगळं किती काळं दिसणार ते तुमच्या खोलीतला दिवा ठरवतो. ट्यूबलाइट लावून कोऱ्या पडद्याकडे बघा. तो जितका पांढरट दिसतो, त्याहून काळं त्या उजेडात तिथे काहीच दिसणार नाही, मग यंत्र पन्नास हजारांचं असो की पाच लाखांचं.

हे मी लहानपणीच पाहिलं होतं, फक्त समजायला चाळिशी उलटावी लागली. सांगलीला आमच्या गल्लीत गणपतीत सोळा एमएमचा सिनेमा यायचा. 1986 च्या आसपासची गोष्ट. दोन घरांच्या मध्ये पांढरं कापड ताणून बांधायचे. पण त्याच्याही आधी मंडळाचा एखादा पोरगा नगरपालिकेच्या खांबावर चढून दिव्यावर गोणपाट गुंडाळायचा. मग गल्लीतल्या घरांना हाका: "दिवे घालवा हो!" शेवटची खिडकी काळोखी झाल्याशिवाय यंत्र सुरू होत नसे. त्या मंडळाकडे ल्युमेनचा, म्हणजे यंत्र किती उजेड टाकतं त्याच्या मापाचा, हिशोब नव्हता, पण कुठलं काम आधी करायचं ते त्यांना नेमकं माहीत होतं.

आम्ही बायका-मुलं कापडाच्या मागच्या बाजूला बसायचो. तिथूनही सिनेमा स्वच्छ दिसायचा, फक्त नावं उलटी यायची आणि डावखुरे उजवे व्हायचे. आज कुणी म्हणालं की "पडदा कशाला, चादर लावू", की मला ती मागची बाजू आठवते. आम्हाला तिथे चित्र दिसत होतं याचा अर्थ बराचसा उजेड कापडातून आरपार येत होता, आणि पुढच्या लोकांना तेवढा कमी पडत होता. म्हणून पडद्याच्या पाठीला काळा थर असावा लागतो. नाहीतर सरळ भिंत बरी: गुळगुळीत लांबी (पुट्टी) मारलेली, चकाकी नसलेल्या पांढऱ्या रंगाची भिंत चादरीपेक्षा कितीतरी चांगली.

आता ल्युमेन. थोडं गणित करू, त्याने डोक्यातला खूप गोंधळ जातो. डिजिटल सिनेमासाठी थिएटरातल्या पडद्याची चमक 14 फूट-लॅम्बर्ट, म्हणजे साध्या पांढऱ्या पडद्याच्या दर चौरस फुटाला 14 ल्युमेन, असावी असं प्रमाण ठरलेलं आहे. आपला शंभर इंची पडदा म्हणजे कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत शंभर इंच. तो रुंदीला सव्वासात फूट आणि उंचीला चार फुटांहून थोडा जास्त भरतो. क्षेत्रफळ झालं सुमारे 30 चौरस फूट. साध्या पांढऱ्या पडद्यासाठी 30 गुणिले 14, म्हणजे चारशे-सव्वाचारशे ल्युमेन. पूर्ण अंधारात थिएटरइतकी चमक मिळायला एवढा उजेड पुरतो.

मग कंपन्या तीन-साडेतीन हजार ल्युमेन कशासाठी देतात? एक तर तो आकडा यंत्राच्या सगळ्यात प्रखर मोडमधला असतो, आणि त्या मोडमध्ये माणसांचे चेहरे हिरवट दिसतात. सिनेमा मोड लावला की एक तृतीयांश ते निम्मा उजेड कमी होतो. दुसरं, दिवा जुना होत जातो तशी चमक उतरते. आणि तिसरं, आपल्या घरांत खरा अंधार नसतो. स्वयंपाकघरातला दिवा, जिन्यातून दाराच्या फटीत येणारा उजेड, समोरच्या इमारतीचं साइनबोर्ड. हे सगळं धरून साधारण घराला खरे अडीच-तीन हजार ल्युमेन ठीक.

'खरे' म्हणाले ते मुद्दाम. माझा पहिला प्रोजेक्टर नऊ हजार रुपयांचा होता. खोक्यावर "9000 ल्युमेन" आणि "4के सपोर्ट" लिहिलेलं. घरी लावला तर चित्र मेणकागदातून पाहिल्यासारखं. आतलं पॅनेल, म्हणजे चित्राचे ठिपके तयार करणारा भाग, 800 बाय 480 ठिपक्यांचं निघालं. "सपोर्ट" म्हणजे 4के चा, ऐंशी लाखांहून अधिक ठिपक्यांचा, सिग्नल तो आत घेणार आणि दाखवताना बारका करून टाकणार. तेव्हापासून मी दोनच गोष्टी वाचते. ल्युमेनच्या आधी एएनएसआय किंवा आयएसओ लिहिलंय का, कारण ती मोजायची ठरलेली पद्धत आहे, पडद्यावर नऊ ठिकाणी उजेड मोजून सरासरी काढतात. आणि रिझोल्यूशनच्या, म्हणजे ठिपक्यांच्या आकड्याच्या, आधी 'नेटिव्ह' (यंत्राचे स्वतःचे) लिहिलंय का. हे दोन शब्द नसतील तर मी पुढचं पान उघडत नाही. कॉन्ट्रास्टचा, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातल्या फरकाचा, लाखांतला आकडा तर सोडूनच द्या. तो गडद दृश्यात दिवा मंद करून मिळवलेला असतो. एकाच वेळी पडद्यावर असलेल्या काळ्या-पांढऱ्याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

यानंतर टेप घेऊन उठायचं. प्रत्येक प्रोजेक्टरचा एक थ्रो रेशो असतो: भिंतीपासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी. समजा तो 1.5 आहे. सव्वासात फूट रुंद चित्रासाठी लेन्स भिंतीपासून जवळजवळ अकरा फुटांवर हवी. तुमचा हॉल त्या दिशेने दहा फूट असेल तर खेळ संपला. यंत्राची लांबी आणि मागच्या वायरी यांना एक फूट सोडा, उरले नऊ. नऊ भागिले दीड म्हणजे सहा फूट रुंदी, म्हणजे ब्याऐंशी इंची चित्र. तेच 1.2 चं यंत्र घेतलं तर पावणेनऊ फुटांत शंभर इंच बसतात. दुकानात हा आकडा कुणी आपणहून सांगत नाही, आणि यावरूनच निम्मी यंत्रं बाद होतात.

आणि पंखा! परदेशी व्हिडिओ बघून जागा ठरवणाऱ्यांचं हमखास चुकतं ते इथे. आपल्या हॉलच्या बरोबर मध्यावर पंखा असतो. छताला टांगलेल्या प्रोजेक्टरचा झोत त्याच्या पात्यांतून गेला की पडद्यावर सावल्या गरगरतात, आणि उन्हाळ्यात पंखा बंद ठेवून कुणी अडीच तास बसणार नाही. पंख्याच्या पुढे किंवा पात्यांच्या खाली, अशीच जागा शोधावी लागते. आम्ही शेवटी सोफ्यामागच्या भिंतीवर फळी ठोकून त्यावर ठेवला. फळी मात्र लेन्सच्या हिशोबाने बरोबर मध्यावर हवी. बाजूला ठेवून कीस्टोनने, म्हणजे तिरकं पडलेलं चित्र सरळ करायच्या सोयीने, चित्र चौकोनी करता येतं हे खरं, पण ते करताना यंत्र चित्राच्या कडा खातं आणि बारीक अक्षरं मऊ पडतात. लेन्स शिफ्ट असेल तर उत्तम, तिथे लेन्सच सरकते, चित्राला धक्का लागत नाही. या बजेटात ती क्वचित मिळते.

प्रोजेक्टरचे दोन मुख्य प्रकार: डीएलपी आणि एलसीडी. त्यांतला कुठला, हा प्रश्न मला यंत्राच्या माहितीपत्रकाने नाही, माझ्या जाऊबाईंनी शिकवला. डीएलपीमध्ये एक चिप असते, तिच्यावर लाखो सूक्ष्म आरसे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये लॅरी हॉर्नबेक यांनी 1987 मध्ये शोधलेली ही गोष्ट आहे, आणि आजही मला ती चमत्कारासारखीच वाटते. पण एकाच चिपवर तिन्ही रंग एका वेळी दाखवता येत नाहीत. म्हणून दिव्यापुढे रंगीत चकती फिरते, लाल, हिरवा, निळा एकामागून एक येतात आणि आपला मेंदू त्यांची बेरीज करतो. बहुतेकांना काही कळत नाही. काहींना मात्र नजर हलवली की पांढऱ्या अक्षरांभोवती इंद्रधनुष्य चमकून गेलेलं दिसतं. आमच्याकडे चाचणीसाठी आणलेला डीएलपी मला अप्रतिम वाटला होता. जाऊबाई वीस मिनिटांत उठल्या, डोकं धरून म्हणाल्या, "ताई, सारखे रंग का उडताहेत?" मला एकही रंग उडताना दिसत नव्हता.

म्हणून आम्ही एप्सनचा तीन पॅनेलचा एलसीडी घेतला. त्यात तिन्ही रंग एकाच वेळी पडद्यावर पोचतात, इंद्रधनुष्याचा प्रश्नच नाही, आणि रंगही पांढऱ्याइतकेच तेजस्वी राहतात. त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. त्याला हवेचा फिल्टर असतो आणि आपल्याकडच्या धुळीत तो नियमाने साफ करावा लागतो, नाहीतर आत गेलेला कण अंधाऱ्या दृश्यात धुरकट डाग होऊन बसतो. घरात सगळ्यांचे डोळे शांत राहिले तर मी डीएलपीही आनंदाने सुचवते. बेनक्यू, ऑप्टोमा, व्ह्यूसॉनिक यांची या किमतीतली यंत्रं चांगली आहेत. फक्त विकत घेण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाला समोर बसवा. सिनेमाच्या शेवटची काळ्यावरची पांढरी नावं लावा आणि नजर डावीकडून उजवीकडे झपकन फिरवायला सांगा. ज्याला दिसायचं त्याला तिथे दिसतं.

4के चा आग्रह मी धरत नाही. या गटातल्या बऱ्याच '4के' यंत्रांत चिप 1920 बाय 1080 आरशांचीच असते, ती प्रत्येक चित्रात चार वेळा किंचित सरकवून ऐंशी लाखांहून अधिक ठिपके भरतात. फसवणूक नव्हे, चित्र खरोखर बारीक दिसतं. पण शंभर इंची पडद्यापासून तेरा फुटांवर बसलात तर साध्या 1080पी चेही (1920 बाय 1080) ठिपके डोळ्याला वेगळे दिसत नाहीत. दहा फुटांवर थोडा फरक कळतो. तेवढ्या पैशांत मी खिडक्यांचे पडदे आणि चांगले स्पीकर घेईन.

दिव्याबद्दल: साधा दिवा असेल तर काही हजार तासांनी बदलावा लागतो, लेझर किंवा एलईडीला वीस हजार तास सांगतात. रोज दोन तास बघणाऱ्याला साधा दिवाही काही वर्षं पुरतो. फक्त बदली दिव्याची किंमत आधी विचारून ठेवा. आणि वीज जात असेल तर छोटा यूपीएस लावा, कारण तापलेल्या दिव्याला गार करणारा पंखा अचानक थांबलेला बरा नव्हे.

ऐंशी हजारांची वाटणी मी अशी करते. प्रोजेक्टरला पन्नास ते पंचावन्न. आवाजाला पंधरा, कारण यंत्रातले पाच-दहा वॉटचे स्पीकर तुमच्या डोक्यामागून बोलतात आणि पडद्यावरचा माणूस मुका वाटतो. उरलेल्यात पडदा, लांब एचडीएमआय वायर आणि ब्लॅकआउटचे पडदे. लोक सगळे ऐंशी यंत्रावर घालतात आणि मग खिडकीला चादर लावून बसतात, हे बघून मला खरंच वाईट वाटतं. त्याच पैशांत त्यांना दुप्पट चांगलं चित्र मिळालं असतं. जमलं तर पडद्याची भिंत आणि तिच्यावरचं छत गडद, बिनचकाकीच्या रंगात रंगवा. पांढरं छत पडद्यावरचा उजेड परत पडद्यावरच टाकतं.

एक गोष्ट मात्र कुठल्याच माहितीपत्रकात नसते. आमच्याकडे दिवेलागणीला घर अंधारात ठेवत नाहीत. सासूबाई देवापाशी दिवा लावतात, हॉलचा दिवा लागतो, आणि साडेसातपासून त्यांच्या मालिका. त्या वेळी मला त्यांना "दिवा घालवा" म्हणायचं नव्हतं, आणि म्हटलंही नाही. जुना टीव्ही तसाच ठेवला. पडदा त्याच्यावरून खाली येतो तो रात्री साडेनऊनंतर, नाहीतर रविवारी दुपारी खिडक्या झाकून. तुमच्या घरात दिवसाच क्रिकेट बघितलं जातं, येणं-जाणं सतत असतं, लहान बाळ आहे, असं असेल तर मी स्पष्ट सांगते: मोठा टीव्ही घ्या. पंचावन्न इंची टीव्ही शंभर इंची पडद्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान असतो, पण भर दुपारी तो दिसतो.

तेव्हा आज रात्री जेवणं उरकली की एवढं करा. हॉलचे सगळे दिवे घालवा, खिडक्या ओढून घ्या आणि दोन मिनिटं नुसते बसा. डोळे सरावल्यावर हातातल्या वर्तमानपत्राचा मथळा वाचता आला, तर आधी शिंप्याकडे जाऊन पडदे शिवून घ्या. नाही आला, तर टेप काढा. भिंतीपासून पंख्यापर्यंत किती फूट आणि भिंतीपासून सोफ्याच्या पाठीपर्यंत किती, हे दोन आकडे मला पाठवा.