चौकशी केली तर माणसं टिकतात का?

खो-खोचं मंडळ चालवणारे किंवा नव्यानं सुरू करू पाहणारे भेटले की एक प्रश्न हमखास विचारतात. "संध्याकाळी दोन तास फुकट शिकवायला येणाऱ्या माणसाची तुम्ही एवढी चौकशी करता, पोलिसांचा दाखला मागता, त्याच्या जुन्या मैदानावर फोन करता. त्याला राग येत नाही? अशानं माणसं टिकतात कशी?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. माझ्या मते ती चौकशीमुळेच टिकतात. इथे काम मनापासून चालतं, हे नव्या माणसाला पहिल्या आठवड्यातच कळतं. जिथे कुणीही यावं आणि कुणीही शिट्टी फुंकावी, तिथून चांगला माणूस आधी निघून जातो.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला दोन्ही गटांत भारत जिंकला, आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. त्यानंतर आमच्याकडे मुलं वाढली, तसे "मीही शिकवतो" म्हणणारेही वाढले. त्यातले बहुतेक खेळावरच्या प्रेमापोटी येतात. पण ज्याला वाईट हेतूनं मुलांच्या जवळ जायचं आहे, त्याला मैदान फार सोयीचं पडतं. तिथे तो 'सर' होतो, मुलं त्याचा शब्द झेलतात आणि पालक निर्धास्त घरी जातात. "आपल्याच आळीतला आहे, लहानपणापासून ओळखतो" ही माझ्या लेखी पडताळणी नाही.

मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२ चा. त्याखालच्या २०२० च्या नियमांत शाळा आणि पाळणाघरांबरोबर क्रीडा अकादमींचंही नाव आहे. मुलांच्या संपर्कात येणाऱ्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करायची, तीही ठरावीक काळानं पुन्हा. नियमाची भाषा कर्मचाऱ्यांची आहे, त्यात बिनपगारी स्वयंसेवकाचा वेगळा उल्लेख नाही. आम्ही मात्र दोघांत फरक करत नाही, कारण मुलाच्या दृष्टीनं दोघेही सरच. चारित्र्य पडताळणीच्या दाखल्यात पोलिसांकडे नोंद झालेलंच दिसतं, आणि पुष्कळ गोष्टींची नोंद होतच नाही. म्हणून फोन करायचा. आधी कुठे शिकवत होता आणि का सोडलं, हे तिथल्या लोकांना विचारायचं. "त्यांना मुलांजवळ पुन्हा ठेवाल का?" या प्रश्नावर पलीकडचा माणूस जरा थांबला, तर मी आणखी दोन ठिकाणी फोन करतो.

खरी पारख मैदानावरच होते. खो-खो हा स्पर्शाचा खेळ. खो देताना पाठीला हात लागतो, गडी बाद करायचा तर त्याला शिवावं लागतं. खांबावरची झेप शिकवताना मुलाचा खांदा, कंबर, गुडघा नीट वळला नाही तर ते आपटतं. मग हात लावायचा की नाही? लावायचा, पण आधी सांगून, सगळ्यांच्या देखत आणि कामापुरता. मुलींना झेप दाखवायला शक्यतो मोठी खेळाडू मुलगीच पुढे करतो. बाकीचे नियम साधे आहेत. कुठल्याही मुलाबरोबर एकट्यानं थांबायचं नाही. निरोप पालक असलेल्या ग्रुपवरच टाकायचा. मोटरसायकलवरून एकट्या मुलाला घरी सोडायचं नाही. बाहेरगावच्या स्पर्धेत शाळेच्या वर्गात मुक्काम पडला तर मुलींबरोबर मंडळाची एक बाई असते आणि मोठ्यांची झोपायची सोय वेगळी. नवा माणूस पहिला महिनाभर जुन्या प्रशिक्षकाच्या हाताखाली राहतो. त्याला खेळ किती येतो हे मी शेवटी पाहतो. नियम सांगितल्यावर त्याचा चेहरा कसा होतो, ते आधी पाहतो.

काही घडल्याचं कळलं किंवा तशी शंका जरी आली, तरी मंडळात बसून मिटवायचं नसतं. पोलिसांना कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाबद्दल संस्थेच्या प्रमुखानं ते दडवलं, तर वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. १०९८ हा मुलांच्या मदतवाहिनीचा क्रमांक आमच्याकडे मुलांनाच पाठ करायला लावला आहे.

आता टिकवण्याचं. आमची सगळ्यात मोठी गळती विशी-बाविशीच्या माजी खेळाडूंची. पोलीस भरती, एमपीएससी, नोकरी. ज्या खेळानं त्यांना पाच टक्के खेळाडू आरक्षणाची आशा दिली, त्याच खेळाला द्यायला त्यांच्याकडे वेळ उरत नाही. त्यांना दोष देता येत नाही. म्हणून काम कायमचं मागायचं नाही, मुदतीचं मागायचं. जिल्हा स्पर्धेपर्यंत किशोर गटाची फक्त बचाव बाजू बघ, आठवड्यातून दोन दिवस ये. एवढं नेमकं सांगितलं की पोरं हो म्हणतात आणि येतात. ज्या पालकांना खेळ कळत नाही त्यांना हजेरी, वेळाधिकाऱ्याचं घड्याळ, फक्की मारणं, प्रथमोपचाराची पेटी असलं काम द्यावं. नुसते "मदतीला या" म्हणून बोलावलेले पालक कठड्यावर बसून राहतात आणि पंधरा दिवसांनी यायचे थांबतात.

पेट्रोलचे आणि चहाचे पैसे मंडळानं द्यावेत. सेवा करणाऱ्याच्या खिशाला चाट बसू नये, याबाबत मी हट्टी आहे. ज्याच्यात शिकवण्याची ओढ दिसते त्याला पंच परीक्षेला बसवावं, जमल्यास पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या सहा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला पाठवून निम्मी फी भरावी. वर्षातून एकदाच्या शाल-श्रीफळापेक्षा हे जास्त पोचतं. आणि कौतुक करायचं तर मुलांसमोर, नेमक्या कामाचं: "हिची उठताना चूक होत होती, ती दादानं सुधारली."

नवं मंडळ काढणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं असतं की पडताळणीचा पहिला अर्ज अध्यक्षांनी स्वतःचा भरावा. दुसरा सचिवांचा, मग प्रशिक्षकांचे. आमच्याकडे तोच क्रम आहे. त्यामुळे रागावून निघून जाणारे फार थोडे, आणि त्यांना थांबवायला आम्ही जात नाही.