सरपंच बदलले की वित्त आयोगाचं बिल कुठे अडतं: माझा अनुभव

सांडपाण्याच्या नालीचं काम संपलेलं, मोजमाप पुस्तिकेत नोंद झालेली, मासिक सभेत बिलाचा ठराव झालेला, पंधराव्या वित्त आयोगाच्या खात्यात पैसेही शिल्लक. तरी ठेकेदाराला रुपया देता येत नव्हता, कारण नव्या सरपंचांची डिजिटल सही पीएफएमएसवर (सरकारी पैसे थेट खात्यात पाठवणारी केंद्राची ऑनलाइन प्रणाली) चढलेली नव्हती. नागपूर जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्यात निवडणुका झाल्या की नव्या सरपंचांपुढे हेच काम येतं, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

ग्रामसभा, आराखडा, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता हे टप्पे आमच्याकडे नीट पार पडले. तिथे एवढंच सांभाळा की काम ई-ग्रामस्वराजवरच्या (ग्रामपंचायतीच्या आराखड्याचं आणि हिशेबाचं पोर्टल) मंजूर आराखड्यात असलंच पाहिजे, नाहीतर त्याचं व्हाऊचरच, म्हणजे पैसे देण्याची नोंद, बनत नाही. आणि निधी कुठल्या हिश्शातला ते आधी ठरवा: पंधराव्या आयोगाच्या निधीत 60 टक्के बंधित, म्हणजे फक्त पाणी आणि स्वच्छतेसाठी, 40 टक्के अबंधित. नाली, शोषखड्डे बंधितमध्ये बसतात.

आता सहीचं. पैसे सुटायला दोन सह्या लागतात: आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांची (पूर्वीचे ग्रामसेवक), मग सरपंचांची. दोघांची यूएसबी टोकनं (डिजिटल सही ज्यात असते ते पेनड्राइव्हसारखं उपकरण) वेगळी. सरपंच बदलले की चार गोष्टी याच क्रमाने व्हाव्या लागतात. ई-ग्रामस्वराजवर जुन्या सरपंचांची नोंद बंद करून नव्यांची माहिती भरायची. नव्यांच्या नावे टोकन घ्यायचं. जुनी सही रद्द करून घ्यायची. मग नवी सही नोंदवून वरून मंजूर करून घ्यायची.

टोकनसाठी पॅन, आधार, सरपंचांचा स्वतःचा मोबाइल, ईमेल आणि व्हिडिओ पडताळणी लागते. पहिली अडचण नावाची. महिला सरपंचांच्या बाबतीत हे फार होतं: पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, निवडून आल्याच्या प्रमाणपत्रावर मतदार यादीतलं. टोकनवर एक नाव आणि प्रोफाइलमध्ये दुसरं असलं की नोंदणी परत येते. आधी पॅन दुरुस्त करा, मगच टोकनचे पैसे भरा.

दुसरी अडचण जुनी सही. माजी सरपंच टोकन परत देतात आणि सगळ्यांना वाटतं झालं. पण टोकन हातात आलं म्हणून पोर्टलवरची नोंद जात नाही. ती रद्द होईपर्यंत त्या जागी नवं नाव बसत नाही.

खरं अडलं ते मंजुरीत. अर्ज पाठवला, स्थिती 'प्रलंबित', आणि कोणाच्या लॉगिनवर पडून आहे ते सांगायला कोणी तयार नाही. तालुक्याला विचारलं की म्हणायचे, जिल्ह्याला गेलं आहे. जिल्ह्याला विचारलं की, तालुक्याहून आलंच नाही. कारण साधं आहे. अनेक गावांच्या सह्यांचं काम एकाच माणसाच्या हातात असतं, निवडणुकीनंतर सगळ्या गावांचे अर्ज एकदम येतात, आणि त्यात मार्च आला तर खर्चाचे अहवाल आधी जातात. याची मला अजूनही चीड येते. पंचायतींना घटनेत स्थान देणारी 73वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून लागू आहे, पंचायतींकडे सोपवायचे 29 विषय अकराव्या अनुसूचीत आहेत, पंधराव्या आयोगाच्या निधीतला 80 टक्के वाटा ग्रामपंचायतीचा आहे. तो खर्च करायची किल्ली मात्र वरच्या टेबलावर पडून राहते. नमुना आठचा (घराच्या कर आकारणीचा) उतारा लोकसेवा हक्क अधिनियमाखाली येतो, मुदत चुकवली तर 500 ते 5000 रुपये दंड आहे. सहीची मंजुरी ही कार्यालया-कार्यालयातली बाब, म्हणून तो कायदा तिथे लागू होत नाही. ही मंजुरी गटविकास अधिकाऱ्यांच्या पातळीवर, लेखी मुदतीसह असावी, असं माझं ठाम मत आहे. नरखेड किंवा भिवापूर तालुक्यातल्या सरपंचांना एका क्लिकसाठी नागपूर गाठावं लागू नये.

आमचं काम सुटलं ते कागदामुळे. फोन आणि तोंडी विनंत्यांनी काही हललं नाही. एकच पत्र केलं: जुनी सही रद्द करून नवी मंजूर करावी, सोबत निवडीचं प्रमाणपत्र, मासिक सभेचा ठराव आणि 'प्रलंबित' दाखवणाऱ्या स्क्रीनची छापील प्रत. मूळ पत्र गटविकास अधिकाऱ्यांना, प्रत विस्तार अधिकारी (पंचायत) यांना, आणि दोन्हीकडून आवक क्रमांक घेतला. तो क्रमांक सांगून विचारलं, तेव्हा अर्ज कोणाच्या लॉगिनवर आहे ते पहिल्यांदा कळलं. मग मंजुरी आली, आणि खरंच हायसं वाटलं.

ठेकेदाराची नोंदणी याच काळात करून ठेवा. बँक खात्यावरचं नाव आणि नोंदणीतलं नाव अक्षरशः तेच हवं, नाहीतर रक्कम परत फिरते. बिलातून कामगार कल्याण उपकर 1 टक्का कापायचा असतो, आणि करार अडीच लाखांवर गेला तर जीएसटीचा टीडीएस 2 टक्के. हे ठेकेदाराला काम देतानाच सांगा.

आणखी एक राहिलं, ते खरं तर आधी सांगायला हवं होतं. मागच्या महिन्याचं पुस्तक ई-ग्रामस्वराजवर बंद केलेलं नसेल तर पुढच्या महिन्याचं व्हाऊचर होत नाही. सहीची वाट पाहत असताना केंद्रचालकाकडून (ग्रामपंचायतीतला संगणक परिचालक) ते करून घ्या. कामाचे आधीचे, चालू असतानाचे आणि पूर्ण झाल्याचे जिओटॅग (जागेची नोंद असलेले) फोटोही तेव्हाच तपासा.

टोकन सरपंचांनी स्वतःकडे ठेवावं, केंद्रचालकाच्या खणात नको. चुकीचा पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकला की ते लॉक होतं, आणि फॉरमॅट केलं की आतलं प्रमाणपत्र पुसलं जातं, म्हणजे नवी खरेदी आणि नवी मंजुरी. प्रमाणपत्राची मुदत बहुधा 2 वर्षांची असते. ती संपायच्या महिनाभर आधी नूतनीकरणाचं पत्र आवक करून ठेवा.