बाटली कुठे गेली?

गेल्या शनिवारी रात्री जेवणे आटोपल्यावर आम्ही घरी एक थरारपट लावला. बर्फाळ जंगलात छोटे विमान कोसळते, त्यातून एकटीच वाचलेली तरुणी लंगडत माणसांच्या वस्तीकडे निघते आणि बंदूकधारी टोळी तिच्या मागावर असते, असा एकूण मामला होता. चित्रीकरण देखणे होते आणि पार्श्वसंगीत इतके दणदणीत, की शेजाऱ्यांची आठवण होऊन दोनदा आवाज कमी करावा लागला. माझ्या आईला इंग्रजी फारसे समजत नाही आणि पडद्याखालची बारीक अक्षरे तिला आता वाचता येत नाहीत. त्यामुळे संवादांच्या भानगडीत न पडता ती फक्त वस्तू पाहते. पाऊण तास ती गप्प होती. मग म्हणाली, ‘‘अरे, हिच्याकडे मघाशी पाण्याची बाटली होती ना? ती कुठं गेली?’’

मी चित्रपट मागे नेऊन पाहिला. नदी ओलांडण्यापूर्वी बाटली होती, अर्धी भरलेली. नदीत फोन वाहून गेला, आणि तो वाहून जाताना दिग्दर्शकाने तीन कोनांतून दाखवला. बाटलीबद्दल मात्र कोणी काही बोलले नाही. नदीपलीकडे ती दिसेनाशी झाली, आणि पंधरा मिनिटांनी नायिकेने तीच बाटली पाठपिशवीतून काढली, तेव्हा ती काठोकाठ भरलेली होती.

आईने आयुष्यभर भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या चौकोनांत दुधाचे खाडे लिहिले. महिन्याच्या शेवटी दूधवाल्याशी तिचा कधी वाद झाल्याचे मला आठवत नाही, कारण तोही तिच्या चौकोनांवर विश्वास ठेवायचा. अशी प्रेक्षक थरारपटाच्या लेखकाला परवडणारी नाही. जीव वाचवण्याच्या गोष्टीतले स्फोट, कडे आणि हिमवादळे बाजूला केली, तर खाली घरखर्चाची वहीच उरते. पाणी किती, काड्या किती, उजेड किती वेळ, फोनची बॅटरी किती टक्के, दुखावलेला पाय किती अंतर चालेल? यातली प्रत्येक गोष्ट आपल्या डोळ्यांदेखत कमी होत गेली पाहिजे, कारण आपल्याला वाटणारी भीती त्या कमी होण्यातच असते. बाटली आपोआप भरली की तहान संपते, आणि तहान संपल्यावर नायिका कितीही धापा टाकत असली तरी आपण मनातल्या मनात उद्याच्या भाजीचा विचार करू लागतो.

‘डोके बाजूला ठेवून पाहायचा असतो असा चित्रपट,’ असे माझा एक मित्र नेहमी सांगतो. प्रहसनाच्या बाबतीत मी ते मान्य करीन. परंतु ज्या गोष्टीत उरलेले पाणी मोजण्यावरच सगळी उत्कंठा उभी आहे, ती पाहताना डोके बाजूला ठेवले, तर भीतीही त्याच्याबरोबर बाजूलाच राहते.

याच्या उलट उदाहरण म्हणून मला ‘१२७ अवर्स’ची पहिली काही मिनिटे आठवतात. एरन राल्स्टन हा गिर्यारोहक २००३ साली अमेरिकेतील युटा राज्यातल्या एका अरुंद घळीत एकटाच गेला असताना निसटलेल्या शिळेखाली त्याचा उजवा हात अडकला, आणि पाच दिवसांनंतर स्वतःचा हात स्वतःच कापून तो बाहेर पडला. ही घटना चित्रपट पाहायला येणाऱ्या बहुतेकांना आधीच ठाऊक होती, म्हणजे शेवट लपवण्याची सोयच नव्हती. तरीही घरातून निघण्याच्या घाईत त्याचा हात कपाटाच्या फळीवर चाचपडतो, चांगला चाकू बोटांपासून थोडासाच दूर राहतो आणि तो तसाच निघून जातो. त्या वेळी या प्रसंगाला काहीच वजन नसते. पुढे बोथट पात्याने काम करण्याची वेळ येते, तेव्हा ती फळी आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते आणि अंगावर काटा येतो. पटकथाकाराने इथे एक शब्दही खर्च केलेला नाही. खात्यावर फक्त एक नोंद केली आणि योग्य वेळी ती वसूल केली.

लेखकाने एकही सूट घेऊ नये, असे माझे म्हणणे नाही. ‘द मार्शियन’ची सुरुवात ज्या वादळाने होते, ते मंगळावर अशक्य आहे, तिथल्या हवेचा दाब पृथ्वीवरच्या दाबाच्या एक टक्काही नसतो, त्यामुळे तिथला वारा यान कलंडवू शकत नाही. मूळ कादंबरीचे लेखक अँडी वीअर यांनी ही सूट आपण जाणूनबुजून घेतल्याचे मोकळेपणाने सांगितलेले आहे. आपणही ती देऊन टाकतो, कारण नायकाला संकटात टाकून झाल्यावर लेखक पुन्हा हात पसरत नाही. तिथून पुढे मंगळावर एकटाच अडकलेला नायक खाण्यासाठी एकेक बटाटा मोजत बसतो. माणूस अडकावा म्हणून घेतलेली उधारी एकदा खपते. सुटताना मात्र रोख द्यावी लागते.

आणि नेमके सुटण्यापाशीच बहुतेक थरारपट गडबडतात. आपल्याकडे अभिमन्यूची जी कथा सांगतात, तीत चक्रव्यूहाचे वर्णन ऐकता ऐकता सुभद्रेला झोप लागते आणि गर्भातल्या मुलाला आत शिरण्याची विद्या मिळते, बाहेर पडण्याची मिळत नाही. या पटकथाकारांचेही असेच झाले असावे असा माझा समज आहे. आत शिरण्याची कल्पना एका ओळीत सांगता येते आणि त्या एका ओळीवर निर्माता पैसे लावतो: उंच मनोऱ्यावर दोन मैत्रिणी अडकतात, शीतगृहात मुलगी कोंडली जाते, बुडालेल्या जहाजात हवेचा एकच कप्पा उरतो. बाहेर पडण्याची वाट एका ओळीत सांगता येत नाही. तिच्यासाठी बसून काम करावे लागते, आणि तेवढ्या वेळात चित्रीकरणाच्या तारखा ठरून गेलेल्या असतात.

व्यासांनी मात्र ते काम केले होते. अभिमन्यू व्यूहात शिरला, हे ठीक. पण बाकीचे पांडव काय करीत होते, हा प्रश्न कोणत्याही चौकस श्रोत्याला पडणारच. अर्जुनाशी मरेपर्यंत लढण्याची शपथ घेतलेल्या संशप्तकांनी त्याला युद्धाच्या निमित्ताने दूर नेलेले आहे, हे झाले त्याचे उत्तर. उरलेल्या चौघांना जयद्रथ अडवतो. पण एकटा जयद्रथ भीमाला कसा अडवील? तर त्याची तजवीज वनपर्वात झालेली आहे. द्रौपदीला पळवून नेण्याच्या प्रयत्नात तो पकडला गेला, भीमाने त्याच्या डोक्यावर पाच शेंड्या ठेवून त्याची विटंबना केली, आणि त्या अपमानाने पेटून त्याने शंकराची आराधना करून अर्जुनाखेरीज इतर पांडवांना एक दिवस थोपवण्याचा वर मिळवला. तिसऱ्या पर्वात पेरलेले सातव्या पर्वात उगवते. ज्या गोष्टीने कथेतले भोक बुजते, तीच गोष्ट भीमाच्या जुन्या उद्धटपणाचा हिशेबही चुकता करते, हे मला वयाची चाळिशी उलटेपर्यंत लक्षातच आले नव्हते.

‘डाय हार्ड’ या १९८८ सालच्या चित्रपटात मला याच जातीची कारागिरी दिसते, आणि तिचा वरकरणी धांगडधिंगा पाहून ती हलकी समजू नये. विमानातला एक सहप्रवासी नायकाला सल्ला देतो, की मुक्कामी पोहोचल्यावर बूट-मोजे काढावेत, गालिच्यावर अनवाणी चालावे आणि पायांच्या बोटांच्या मुठी कराव्यात, म्हणजे प्रवासाचा शीण जातो. नायक तसे करीत असतानाच इमारतीवर हल्ला होतो, म्हणून पुढे तो सगळीकडे अनवाणीच धावतो. खलनायकाच्या नजरेला त्याचे उघडे पाय पडतात आणि तो साथीदाराला काचांवर गोळ्या झाडायला सांगतो. म्हणजे तिथला खलनायकसुद्धा आमच्या आईसारखाच वस्तू पाहणारा आहे. शनिवारच्या चित्रपटातली टोळी मात्र बर्फात उमटलेली पावले सोडून भलत्याच दिशेला गोळीबार करीत होती, आणि नायिका लेखकाच्या गरजेपुरतीच लंगडत होती.

माझ्या या तक्रारीला एक अडचण आहे, आणि ती मी टाळू शकत नाही. २०२३ च्या दिवाळीत, १२ नोव्हेंबरला पहाटे, उत्तरकाशी जिल्ह्यातल्या सिलक्यारा बोगद्याचा भाग कोसळून ४१ कामगार आत अडकले. ते सतरा दिवस आपण सर्वांनी घरोघरी दूरचित्रवाणीवर मोजले. सहा इंची नळी आत पोहोचल्यावर तिच्यातून बाटल्यांत भरून गरम खिचडी पाठवली, हे ऐकून आईने डोळ्यांना पदर लावला होता. खिचडी तिच्या हिशेबात बसणारी गोष्ट होती. मग शेवटच्या टप्प्यात भोक पाडणारे बलाढ्य ऑगर यंत्र मोडून पडले, आणि उंदराच्या बिळासारख्या भोकात शिरून हाताने खणणारे मजूर बोलावले गेले. त्यांनी उरलेले दहा-बारा मीटर खणून काढले. ज्या खाणपद्धतीवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ साली मेघालयात बंदी घातली होती, तिच्याच कसबाने सगळी सुटली. हेच जर पडद्यावर पाहिले असते, तर शेवटच्या पंधरा मिनिटांत उगवलेल्या या माणसांवर मीच चिडलो असतो. वास्तवाला पुरावा देण्याची गरज नसते, ते घडून मोकळे होते. पटकथेला ती मुभा नाही. लेखकाने त्यांतल्या एकाला आरंभीच कुठेतरी दोन फुटी भोकात आडवा पडून माती उपसताना दाखवले असते, तर त्याच शेवटाला मी उभा राहून टाळ्या वाजवल्या असत्या.

विक्रमादित्य मोटवने यांच्या २०१७ सालच्या ‘ट्रॅप्ड’मध्ये तर जंगल नाही की बर्फ नाही, प्रभादेवीतल्या रिकाम्या उंच इमारतीत एक तरुण स्वतःच्याच भाड्याच्या घरात कोंडला जातो. ज्या मुंबईत कोपर हलवायला जागा मिळत नाही, तिथे कोणालाही त्याची हाक ऐकू जाऊ नये, ही कल्पना मला कोणत्याही हिमवादळापेक्षा भयानक वाटते. तो शाकाहारी आहे हे आपल्याला आधी कळते, म्हणून पुढे कबुतर समोर आल्यावर आपल्या पोटात कालवते. मारामारीचा एकही प्रसंग नसलेला हा चित्रपट मी दोनदा पाहिला, आणि दोन्ही वेळा मध्येच उठून दाराची किल्ली जागेवर आहे ना, ते बघून आलो.

शनिवारच्या चित्रपटावर मी थोडा अन्याय करीत असेन. बाटली ओढ्यावर भरून घेतल्याचा प्रसंग कदाचित चित्रित झालाही असेल आणि संकलनाच्या टेबलावर गळून पडला असेल, असे होते. पण आईला ते कोण सांगणार? शेवटची वीस मिनिटे उरली असताना, गोळीबार ऐन भरात आलेला असताना, तिला खुर्चीतच झोप लागली. मी तिच्या अंगावर शाल घातली आणि बाकीचा चित्रपट एकट्याने पाहिला.

सकाळी मी चहासाठी आले किसत होतो, तेव्हा तिने विचारले, ‘‘सुटली का रे ती मुलगी?’’

‘‘सुटली.’’

‘‘कशी?’’

‘‘हेलिकॉप्टर आलं शेवटी.’’

आईने दुधाचे पातेले खाली उतरवले आणि गॅस बारीक केला. ‘‘कुणी बोलावलं? फोन तर नदीत गेला होता.’’