जिंतूरहून सेलू स्टेशन: कार लावून मुंबईला जाणाऱ्यांसाठी

जिंतूरला रेल्वे नाही. मुंबईला जायचं म्हटलं की आम्हाला सेलू नाहीतर परभणी गाठावं लागतं. पाथरीकर मानवत रोडला जातात, वैजापूरकर रोटेगावला, अंबाजोगाईकर परळीला. म्हणून आपल्याकडे छोट्या स्टेशनचं पार्किंगसुद्धा महत्त्वाचं. मोठ्या शहरात सोडायला-आणायला आलेला माणूस तासाभराने निघून जातो. आपली कार दोन-तीन रात्री तिथेच उभी असते.

या वेळी आई-बाबांना मुंबईत डॉक्टरांना दाखवायचं होतं. शुक्रवारी रात्रीची देवगिरी एक्सप्रेस सेलूहून धरली, परतीलाही तीच, सोमवारी सकाळी उतरलो. दोघांना सामानासह दारापाशी उतरवलं आणि मग कार लावायला गेलो. म्हातारी माणसं सोबत असतील तर असंच करा, पण कार दारात उभी ठेवून तिकीट खिडकीकडे जाऊ नका. पोहोचवायला येणाऱ्यांना प्लॅटफॉर्म तिकीट लागतं, दहा रुपये. पार्किंगच्या पावतीवर ते भागत नाही.

आता पैशाचं. पार्किंग ठेकेदाराकडे असतं आणि दर ठेक्यागणिक बदलतात, म्हणून फलकावरचा दर त्या दिवशी स्वतः वाचा. हिशोब बहुधा टप्प्यांचा असतो: दोन तास, सहा तास, बारा तास, चोवीस तास. समजा शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला कार आत गेली आणि सोमवारी सकाळी साडेसहाला बाहेर आली. झाले ५९ तास, म्हणजे दोन पूर्ण दिवस आणि वर अकरा तास. त्यात रेल्वे दोन तास उशिरा आली की अकराचे तेरा होतात आणि बारा तासांऐवजी पूर्ण दिवसाचा आकार लागू शकतो. उशीर रेल्वेचा आणि भुर्दंड प्रवाशाला, हे मला अजिबात पटत नाही. निदान रेल्वेच्या उशिराचे तास तरी आकारातून वगळायला हवेत.

पावतीवर आत आल्याची तारीख, वेळ आणि गाडीचा नंबर नीट लिहिलाय का ते तिथेच उभं राहून बघा, मोबाईलवर फोटो काढा. दुसऱ्या एका स्टेशनवर मला वेळ न टाकताच पावती दिली होती; परत येईपर्यंत कोण कशाला लक्षात ठेवणार? फलकापेक्षा जास्त पैसे मागितले तर रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनवर तक्रार करता येते, तेव्हा हाच फोटो कामाला येतो. रोज अप-डाऊन करणाऱ्यांनी पार्किंगचा मासिक पास मिळतो का ते विचारावं.

पावसाळ्यात कच्च्या जागेत कार लावू नका. आपली काळी माती एका रात्रीच्या पावसात चाक धरून ठेवते आणि सकाळी ढकलायला माणसं मिळत नाहीत. मुरूम किंवा सिमेंटचा भाग धरा, थोडं लांब चालावं लागलं तरी चालेल. उन्हाळ्यात लिंबाची सावली मिळाली तर उत्तमच. मात्र पॉवर बँक, लायटर, सॅनिटायझर आत ठेवू नका, बंद कार भट्टीसारखी तापते. दागिने, कागदपत्रं तर नकोतच. ‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर’ असं पावतीवरच छापलेलं असतं.

पहाटेच्या रेल्वेने उतरणार असाल तर त्या वेळी पार्किंगवर माणूस असतो का, हे जातानाच विचारून घ्या. सुटे पैसे जवळ ठेवा. ऑनलाइनवर विसंबलात आणि नेमकी रेंज गेली तर म्हाताऱ्या माणसांना घेऊन ताटकळावं लागतं.